एकच कर्म, दोन फळे : नित्य वापरातील औषधे आणि त्यांचे दुष्परिणाम

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एक वयोवृद्ध गृहस्थ कोरड्या खोकल्यासाठी आमच्याकडे येत असत. कफ नाही, ज्वर नाही, वजन स्थिर, छातीचे क्ष-किरण चित्र निर्दोष. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की घशात खवखव सुरू होई आणि खोकल्याची ढास लागे. वातज कास असे निदान करून आम्ही सितोपलादि चूर्ण दिले, ज्येष्ठमध दिले, वासावलेह दिला. चार महिने गेले, खोकला होता तेथेच होता. पाचव्या महिन्यात त्यांच्या सूनबाई सोबत आल्या आणि त्यांनी पिशवीतील सर्व गोळ्यांची पाकिटे टेबलावर ओतली. त्यांत रक्तदाबासाठी सुरू असलेले एनालाप्रिल होते. ज्या डॉक्टरांनी ती गोळी लिहिली होती त्यांना आम्ही चिठ्ठी पाठविली. त्यांनी गोळी बदलून दिली आणि तीन आठवड्यांत खोकला थांबला.

या गृहस्थांनी आमच्यापासून काही लपविले नव्हते. आम्हीच विचारले नव्हते.

जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील आजचा रुग्ण एकाच पद्धतीचे औषध घेणारा राहिलेला नाही. रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी मंचर किंवा नारायणगावच्या डॉक्टरांची, गुडघ्याची गोळी औषधाच्या दुकानातून मागून घेतलेली, आणि गुग्गुळ व काढा आपला. तीन ठिकाणची औषधे एकाच पोटात जातात, पण तिन्ही ठिकाणच्या माणसांना एकमेकांचा पत्ता नसतो. म्हणून नित्य वापरातील आधुनिक औषधे शरीरात कोणते कर्म करतात आणि त्याच कर्मातून दुष्परिणाम कसा उद्भवतो, हे वैद्य आणि औषध विक्रेते या दोघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे. आधुनिक औषधांची निंदा करणे किंवा आयुर्वेदीय औषधे सर्वथा निर्दोष आहेत असा दावा करणे हा त्याचा हेतू नाही.

व्यापदांचा विचार आपल्याकडे जुनाच

औषधापासून अपाय होतो ही गोष्ट आपल्या आचार्यांना पूर्णपणे ज्ञात होती. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील सहावा अध्याय वमन-विरेचनाच्या व्यापदांनाच वाहिलेला आहे. आध्मान, परिकर्तिका, स्राव, हृद्ग्रह अशा दहा व्यापदांचे तेथे वर्णन असून सुश्रुताचार्यांनी पंधरा व्यापदे सांगितली आहेत. चरकाचार्यांनी व्यापदाच्या कारणांची जी विभागणी केली आहे ती आजही मननीय आहे. परिचारक, औषध, वैद्य आणि रुग्ण या चौघांपैकी कोणाच्याही वैगुण्यामुळे व्यापद घडू शकते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे दोष नेहमी औषधातच असतो असे नाही. औषध रुग्णाच्या हाती देणारा औषध विक्रेता हा आजच्या काळात परिचारकाच्याच स्थानी आहे.

आधुनिक औषधशास्त्राने यात एका गोष्टीची भर घातली. औषध शरीरातील कोणत्या विकरावर, कोणत्या ग्राहीवर कार्य करते हे त्याने शोधले. त्यातून असे दिसले की बहुसंख्य दुष्परिणाम हे औषधाचे निराळे, अनपेक्षित कर्म नसते. ज्या कर्मामुळे गुण येतो तेच कर्म दुसऱ्या अवयवात घडले, किंवा त्याच अवयवात प्रमाणाबाहेर घडले, की त्याला आपण दुष्परिणाम म्हणतो. पुरळ उठणे, श्वास लागणे यांसारख्या अ‍ॅलर्जीच्या प्रतिक्रिया मात्र या नियमात बसत नाहीत. त्या व्यक्तिविशिष्ट असतात व त्यांचा अंदाज आधी बांधता येत नाही. उरलेल्या दुष्परिणामांचा अंदाज औषधाचे कर्म ठाऊक असेल तर पुष्कळ अंशी बांधता येतो.

वेदनाशामके : गुडघा, जठर आणि मूत्रपिंड

आषाढात पश्चिम पट्ट्यात भाताची लावणी सुरू झाली, किंवा नारायणगाव परिसरात टोमॅटोचा तोडा सुरू झाला, की कंबर व गुडघे दुखण्याच्या तक्रारी वाढतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक या गोळ्या या काळात मोठ्या प्रमाणावर खपतात. त्यांचे कर्म एकच आहे. शरीरात सायक्लो-ऑक्सिजनेज नावाचे विकर असून ते प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे ही निर्मिती रोखतात, हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाच्या तिघा मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता.

सुजलेल्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिन वेदना व शोथ वाढविते, म्हणून त्याची निर्मिती थांबली की गुडघा हलका वाटतो. परंतु जठरात हेच द्रव्य श्लेष्मल आवरण टिकविते, अम्लाला निष्प्रभ करणारा क्षार स्रवविते आणि तेथील रक्तपुरवठा राखते. तेथेही निर्मिती थांबली की अम्ल जठराच्या भिंतीलाच पोळू लागते. कधी जळजळ होते, कधी व्रण होतो, आणि कधी कोणतेही पूर्वलक्षण नसताना काळे शौच होऊन रुग्ण पांढरा पडतो.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘इंजेक्शन घेतले तर पोटाला त्रास होत नाही’ असे रुग्ण म्हणतात आणि आपल्यापैकी काहीजणही तसे मानतात. वस्तुतः औषध सुईने दिले तरी रक्तावाटे ते जठराच्या पेशींपर्यंत पोहोचते व तेथील प्रोस्टाग्लँडिन कमी करतेच. जेवणानंतर गोळी घेतल्याने गोळीचा प्रत्यक्ष स्पर्शाने होणारा क्षोभ कमी होतो, पण व्रणाचा धोका नाहीसा होत नाही.

अ‍ॅस्पिरिनचे वैशिष्ट्य असे की ते रक्तातील बिंबाणूंचे हे विकर कायमचे निकामी करते. बिंबाणूचे आयुष्य सुमारे आठ ते दहा दिवसांचे असल्याने हृदयरोग्याला दिलेली ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळीही रक्ताची गुठळी होऊ देत नाही. त्याच कारणाने दात काढताना किंवा रक्तमोक्षण करताना रक्त लवकर थांबत नाही. जलौकावचारण करणाऱ्या वैद्यांनी हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे. मात्र ही गोळी आपल्या मनाने बंद करावयास सांगू नये.

पॅरासिटामॉल जठराला सौम्य आहे. त्याचा धोका यकृताला असतो. योग्य मात्रेत घेतलेल्या पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून बाहेर टाकते. थोड्या भागाचे विषारी द्रव्य बनते आणि ग्लुटाथायोन नावाचे संरक्षक द्रव्य त्याला निष्प्रभ करते. मात्रा वाढली, किंवा उपासमार व मद्यपान यांमुळे ग्लुटाथायोन घटले, की ते विष यकृताच्या पेशी मारू लागते. प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. अशक्त व मद्यपी रुग्णात ती याहून खाली ठेवावी लागते. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची मिश्र गोळी या तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. नावे तीन असली तरी द्रव्य एकच, म्हणून बेरीज करणे हे औषध विक्रेत्याचे काम आहे. याच वर्गातील निमेसुलाइड हे यकृताच्या भीतीमुळे २०११ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात निषिद्ध झाले, हेही लक्षात असावे.

मूत्रपिंडावर या वेदनाशामकांचे कर्म कसे होते याचे भयंकर उदाहरण गिधाडांनी दाखविले. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली व भारतीय उपखंडातून ती जवळजवळ नाहीशी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ नयेत म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शन एका मात्रेच्या कुपीपुरते मर्यादित करण्यात आले. २०२३ मध्ये असेक्लोफेनॅक व केटोप्रोफेन यांनाही जनावरांसाठी बंदी झाली. आपल्या भागात घरोघरी दुभते जनावर आहे. माणसाची कुपी गाईसाठी मागणाऱ्यास ती देऊ नये आणि त्यास पशुवैद्यकाकडे पाठवावे.

तीन गोळ्या आणि शरदातील विरेचन

मनुष्याच्या मूत्रपिंडातील गाळणीचा दाब दोन बाजूंनी सांभाळला जातो. गाळणीत रक्त आणणारी सूक्ष्म रोहिणी प्रोस्टाग्लँडिनमुळे रुंद राहते, आणि रक्त बाहेर नेणारी रोहिणी अँजिओटेन्सिनमुळे आवळलेली राहते. शरीरातील द्रव कमी झाला की या दोन्ही व्यवस्था विशेष जोमाने काम करतात व गाळण चालू ठेवतात.

आता असा रुग्ण डोळ्यांपुढे आणावा, जो आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात आहे. रक्तदाबासाठी तो रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन घेतो. त्यामुळे रक्त बाहेर नेणारी रोहिणी सैल होते. त्याच गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड हे मूत्रल असते, त्याने द्रव व क्षार कमी होतात. गुडघ्यासाठी तो डायक्लोफेनॅक घेतो, त्याने रक्त आणणारी रोहिणी आवळते. तिन्ही औषधे आपापल्या जागी योग्य आहेत. एकत्र आली की गाळणीचा दाब राखण्याची दोन्ही साधने एकाच वेळी काढून घेतली जातात. तरीही निरोगी, भरपूर पाणी पिणारा मनुष्य हे काही काळ सोसतो. पण वैशाखातील उन्हात दिवसभर बटाट्याच्या काढणीला गेलेला, किंवा जुलाब-उलट्यांनी कोरडा पडलेला वृद्ध ते सोसू शकत नाही. मूत्र कमी होते, पायांवर सूज येते, रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम वाढते.

आणि येथेच आपली जबाबदारी येते. शरद ऋतूत आपण विरेचन देतो. विरेचन म्हणजे द्रवाचे निर्हरण. वरील तीन गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला आपण ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात त्रिवृत् किंवा इच्छाभेदी दिली आणि पंधरा-वीस वेग झाले, तर त्या मूत्रपिंडावर जो आघात होईल त्याचे कारण रुग्णाच्या नातेवाइकांना विरेचनच वाटेल, आणि तसे वाटण्यात त्यांची चूक नसेल. वैद्याच्या वैगुण्यामुळे घडणारे व्यापद ते हेच. म्हणून साठीनंतरच्या प्रत्येक रुग्णाचे शोधन ठरविण्यापूर्वी त्याच्या सर्व गोळ्या पाहाव्यात, क्रिएटिनिन तपासावे, वेदनाशामक आधी थांबवावे, आणि रक्तदाबाच्या गोळीसंबंधी ती लिहिणाऱ्या डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्यावा. तसा सल्ला मिळेपर्यंत शमन चिकित्सेवर भागवावे.

हिरडा हे तर आपल्या भागाचे वैभव. भीमाशंकराच्या परिसरात, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम खोऱ्यांत कित्येक आदिवासी कुटुंबांच्या उपजीविकेला बाळहिरड्याची वेचणी आधार देते, आणि घरोघरी तो पोट साफ होण्यासाठी घेतला जातो. योग्य मात्रेत त्यापासून भय नाही. परंतु मूत्रल गोळी सुरू असताना रोज तीन-चार पातळ वेग होतील इतका हिरडा किंवा सोनामुखी घेतली, तर दोन वाटांनी पोटॅशियम जाते. थकवा, पोटऱ्यांत गोळे, हृदयाची अनियमित गती ही त्याची लक्षणे होत. डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरोग्यात ही स्थिती प्राणघातक ठरू शकते.

दुष्परिणाम जेव्हा नवा व्याधी भासतो

आरंभी सांगितलेल्या खोकल्याचे कारण आता स्पष्ट करता येईल. एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधे ज्या विकरास रोखतात तेच विकर ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचेही विघटन करते. विकर थांबले की रक्तदाब उतरतो, आणि श्वासमार्गात ब्रॅडिकायनिन साठून कोरडा खोकला येतो. औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी किंवा काही महिन्यांनीही तो सुरू होऊ शकतो आणि औषध बंद झाल्यावर बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो. कोणत्याही अवलेहाने तो बरा होणार नाही, कारण कारण कायम आहे. निदानपरिवर्जन हीच येथे चिकित्सा.

अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळीने घोट्यांवर सूज येते. ही गोळी सूक्ष्म रोहिण्या रुंद करते, मात्र सिरा तितक्या रुंद होत नाहीत. केशवाहिन्यांतील दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो. हृदय व मूत्रपिंड दोन्ही ठीक असताना केवळ घोट्यांवर, संध्याकाळी वाढणारी सूज दिसली की या गोळीची चौकशी करावी. आपण पुनर्नवा सुरू करतो, दुसरे कोणी मूत्रल गोळी लिहितात, आणि सूज मात्र पुष्कळशी तशीच राहते, कारण द्रव शरीरात वाढलेलाच नसतो.

मेटफॉर्मिनचे उदाहरणही असेच. आरंभी त्याने पातळ शौच होते, त्यास ग्रहणी समजू नये. अनेक वर्षे घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते. शाकाहारी रुग्णात ते आधीच बेताचे असते. तळपायांची आग व मुंग्या हे सर्व मधुमेहाचेच आहे असे गृहीत न धरता एकदा बी-१२ तपासून घ्यावे.

संकष्टी, एकादशी आणि साखरेची गोळी

लेण्याद्री व ओझर ही दोन अष्टविनायक क्षेत्रे जुन्नर तालुक्यात आहेत. संकष्टीचा उपवास येथे घरोघरी असतो आणि चंद्रोदय होईपर्यंत अन्न घेतले जात नाही. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या गोळ्या स्वादुपिंडातील पेशींना इन्शुलिन सोडावयास भाग पाडतात. पोटात अन्न आहे की नाही हे त्या पाहत नाहीत. गोळी घेतली आणि जेवण नाही, तर साखर उतरत जाते. घाम, कंप, धडधड, भूक, मग असंबद्ध बोलणे व शेवटी संज्ञानाश. वृद्धात हे पुष्कळदा पक्षाघात किंवा भूतबाधा समजले जाते. मूत्रपिंड दुबळे असल्यास ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम अधिक लांबतो आणि साखर दिल्यावर सावध झालेला रुग्ण काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णास घरी न ठेवता रुग्णालयात पाठवावे.

त्याच रुग्णाला आपण मधुनाशिनी, मेथी किंवा कारल्याचा रस देत असू, तर साखर उतरविणाऱ्या कर्मात आपलीही भर पडते. ती भर उपयुक्त आहे, पण मोजून. साखरेच्या नोंदी पाहून गोळीची मात्रा कमी करण्याचा विचार तिच्या डॉक्टरांसह करावा. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या रुग्णात धडधड व कंप ही धोक्याची लक्षणे झाकली जातात. केवळ घाम राहतो, याचेही स्मरण असावे.

सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिनचीही गोष्ट अशीच. नाकात हिस्टामिनचे कर्म रोखले की शिंका थांबतात, मेंदूत रोखले की झोप येते. आपल्याकडे शेतीची वीज अनेकदा रात्री येते आणि शेतकरी बिबट्याच्या वावरात उसाला पाणी द्यावयास जातो. त्या रात्री ही गोळी घेऊन दुचाकी चालविणे व विहिरीवर उभे राहणे धोक्याचे आहे. प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धात याच गोळीने मूत्र अडू शकते. एवढे एक वाक्य गोळी देताना विक्रेत्याने सांगितले तरी पुरे.

दोन पद्धतींची औषधे एकत्र येतात तेव्हा

या विषयावर मुंबईत महत्त्वाचे संशोधन झालेले आहे. अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांत, शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदीय औषध सुरू केल्यावर झटके पुन्हा येऊ लागले व रक्तातील फेनिटॉइन घटलेले आढळले. केईएम रुग्णालयातील संशोधकांनी त्याचा प्राण्यांवर अभ्यास करून १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूस हितकर म्हणून दिलेल्या औषधानेच झटका आणावा, ही गोष्ट आपणा सर्वांना अंतर्मुख करणारी आहे. गुग्गुळाच्या सत्त्वामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाची औषधे रक्तात कमी प्रमाणात पोहोचतात, हेही १९९४ मध्ये नोंदविले गेले.

याच्या उलट पिंपळी व मिरीतील पायपेरिन. आतड्यांतील व यकृतातील काही विकरांना ते मंदावते, त्यामुळे प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन, फेनिटॉइन यांची रक्तातील पातळी वाढते. आचार्यांनी त्रिकटूची योजना इतक्या कल्पांत का केली असावी याचा एक उलगडा त्यातून होतो. जम्मू येथील शासकीय प्रयोगशाळेच्या संशोधनातून पायपेरिनसह रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारी क्षयरोगाची गोळी तयार झाली व २००९ मध्ये बाजारात आली. परंतु जे कर्म क्षयाच्या औषधाला साह्य करते, तेच कर्म थिओफायलिन घेणाऱ्या दमेकऱ्यास विषाक्त पातळीकडे नेऊ शकते. येथेही कर्म एकच आणि फळे दोन.

ज्येष्ठमधाचे उदाहरण आम्हांला स्वतःला लागू पडते. त्यातील ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातील एका विकरास रोखते. त्यामुळे शरीरातील कॉर्टिसॉल तेथे लवण धरून ठेवण्याचे काम करू लागते. लवण व पाणी साचते, पोटॅशियम जाते, रक्तदाब वाढतो. अल्पकाळ, अल्प मात्रेत हे जाणवत नाही. पण आरंभी उल्लेखिलेल्या त्या गृहस्थांना आम्ही चार महिने ज्येष्ठमध देत होतो आणि ते रक्तदाबाचे रुग्ण होते. एका औषधाचा दुष्परिणाम बरा करू पाहताना आम्ही त्यांचा मूळ व्याधीच वाढविण्याच्या मार्गावर होतो.

एकदम बंद करू नये

‘सर्व गोळ्या बंद करा आणि आमचे औषध सुरू करा’ हे वाक्य आपल्या व्यवसायात अधूनमधून ऐकू येते. त्याचे परिणाम मोजले पाहिजेत. अ‍ॅटेनोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल एकाएकी थांबविल्यास हृच्छूल उसळते, प्रसंगी हृदयविकाराचा झटका येतो. फेनिटॉइन थांबविल्यास न थांबणारे झटके येऊ शकतात.

प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडे दीर्घकाळ घेतल्यास अधिवृक्क ग्रंथी आपले स्वाभाविक कॉर्टिसॉल बनविणे थांबवितात. गोळी अचानक बंद झाली की रुग्ण वांत्या, अतिशय अशक्तपणा व खालावलेला रक्तदाब घेऊन कोसळतो. सांधेदुखीवर ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत चमत्कार, मग गोल झालेला चेहरा, वाढलेली साखर, पातळ झालेली त्वचा व ठिसूळ हाडे असा त्याचा प्रवास असतो. रुग्ण दोष आयुर्वेदाला देतो. नाव नसलेल्या, घटकद्रव्ये न छापलेल्या पुडीचा रुग्ण आला तर ती पुडी एकदम थांबविण्याऐवजी त्यास तत्काळ तज्ज्ञाकडे पाठवावे, व पुडी सोबत द्यावी.

आपण काय करावे

वैद्यांनी प्रत्येक रुग्णास पहिल्या भेटीत सर्व औषधे पिशवीसह आणावयास सांगावे आणि त्यांची नोंद केसपेपरवर प्रकृतीच्या शेजारीच करावी. नवे लक्षण दिसले की नव्या व्याधीचा विचार करण्यापूर्वी ‘गेल्या काही महिन्यांत कोणते औषध नवे सुरू झाले?’ हा प्रश्न विचारावा. इसबगोलासारखी स्निग्ध-पिच्छिल द्रव्ये इतर गोळ्यांपासून दोन तासांच्या अंतराने द्यावीत. दुसऱ्या डॉक्टरांचे औषध बदलावेसे वाटल्यास रुग्णाच्या हाती चिठ्ठी द्यावी. आमच्या एका चिठ्ठीने जे साधले ते चार महिन्यांच्या कासचिकित्सेने साधले नव्हते.

औषध विक्रेत्यांनी डायक्लोफेनॅक, डेक्सामेथासोन यांसारखी परिशिष्ट ‘एच’ मधील औषधे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, हा कायदाच आहे. त्यापलीकडे दोन प्रश्न विचारावेत : रक्तदाबाची, साखरेची किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे काय? आणि पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार झाला होता काय? एकाही प्रश्नास होकार आला तर वेदनाशामकाऐवजी वैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवावे. एका गोळीची विक्री गेली तरी ते गिऱ्हाईक टिकेल.

दुष्परिणाम आढळल्यास त्याची नोंद शासनाकडे करावी. आधुनिक औषधांसाठी २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू असून त्याचे केंद्र गाझियाबाद येथे आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कोणीही कळवू शकते. आयुष औषधांसाठी स्वतंत्र औषधदक्षता व्यवस्था असून तिचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. आपल्या औषधाविरुद्ध आपणच नोंद करावी हे काहींना अवघड वाटते. परंतु सिद्धिस्थानात व्यापदांची यादी देणाऱ्या आचार्यांनी ते आपल्या शास्त्राविरुद्ध लिहिले नव्हते. पुढच्या वैद्याकडून तीच चूक होऊ नये म्हणून लिहिले होते.

ते आंबेगावचे गृहस्थ आजही आमच्याकडे येतात, गुडघ्यांसाठी. आता त्यांची पिशवी प्रत्येक वेळी प्रथम टेबलावर रिकामी होते आणि मगच नाडी पाहिली जाते. आपल्या सर्व सभासदांच्या दवाखान्यांत व दुकानांत ही प्रथा रुजावी, अशी नम्र विनंती.